गोळीची दुहेरी नोंद

परिपत्रककाका हे नाव त्यांना कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण ज्याने ठेवलं त्याला माणसाची पारख होती. जिन्यातला दिवा गेला तर बाकीचे लोक नवा दिवा आणतात. काका आधी विचारायचे, "जुना दिवा कोणाच्या आदेशाने लावला होता?" तो आदेश सापडेपर्यंत सगळी इमारत चाचपडत चढायची आणि काका तेवढे ताठ मानेने चढायचे, कारण त्यांचं चढणं नियमात बसत होतं.

चौतीस वर्षं त्यांनी नोंदणी कार्यालयात काढली. काम एकच. एकाच माणसाचं नाव पुस्तकात दोनदा शिरलं असेल तर ते हुडकून बाहेर काढायचं. या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांची भुवईची गोष्ट तर इमारतीत सगळ्यांना पाठ होती. एका इसमाने दोन वेगळी नावं, दोन वेगळे पत्ते देऊन दोन पुस्तकांत नोंद करून घेतली होती. तीन साहेबांच्या नजरेखालून ती पुस्तकं गेली, तिन्ही साहेबांनी सह्या ठोकल्या. काकांनी मात्र ओळखखुणांचा रकाना वाचला. दोन्हीकडे तेच: डाव्या भुवईवर व्रण. "नाव काय, कोणीही कुठलंही सांगेल हो," काका इथे आवाज खाली आणत, "पण भुवई बदलता येत नाही." निवृत्त होताना सहकाऱ्यांनी त्यांना तो जुना लाकडी शिक्काच भेट दिला. 'दुहेरी नोंद. रद्द.' तो शिक्का आता दिवाणखान्यात काचेच्या कपाटात होता. दर रविवारी काका तो पुसत आणि काकूंनी त्याला हात लावायचा नाही, असा घरात दंडक होता.

तर अशा या काकांच्या छातीत तिसऱ्या मजल्याच्या चौथ्या पायरीवर आवळल्यासारखं व्हायला लागलं.

तसं हृदयाचं प्रकरण नवं नव्हतं. दोन वर्षांपासून ते तीन गोळ्या घेत होते. दोन रक्त पातळ ठेवणाऱ्या, एक चरबी कमी करणारी. पांढरी, गुलाबी आणि एक विटकरी रंगाची. पण हे आवळणं नवं होतं, म्हणून काकू त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. बाईंनी छातीचा आलेख काढला, नाडी बघितली आणि म्हणाल्या, "घाबरण्यासारखं नाही, पण सांभाळायला हवं. तुमच्या गोळ्या घेण्यात खाडे होतात का?"

"रजा मी नोकरीतही घेतली नाही," काका म्हणाले.

"पांढरी दोनदा राहिली होती," काकू म्हणाल्या.

"म्हणून आता एकच कॅप्सूल देते. त्या तिन्ही औषधांची मिळून ही एक. रोज जेवणानंतर एवढी एकच घ्यायची. आणि ही छोटी बाटली. छातीत आवळलं तर खाली बसायचं, यातली एक गोळी जिभेखाली ठेवायची. पाच मिनिटांत बरं वाटलं नाही तर थांबायचं नाही, सरळ रुग्णवाहिका बोलवायची."

चिठ्ठीवर कॅप्सूलचं नाव होतं, छोट्या बाटलीचं नाव होतं, सही होती, शिक्का होता. एक गोष्ट नव्हती आणि घरी आल्या आल्या काकांच्या नजरेने ती टिपली.

"जुन्या गोळ्या बंद करा, असं कुठे लिहिलंय?"

"अहो, त्या म्हणाल्या ना, तिन्हींची मिळून एक."

"म्हणाल्या. म्हणणं वेगळं, लिहिणं वेगळं. जुना आदेश लेखी रद्द होईपर्यंत अमलात राहतो. एकदा आमच्याकडे एका साहेबांनी तोंडी सांगितलं की खिडकी क्रमांक दोन बंद करा. केली बंद. साहेबांची बदली झाली. पुढे सात वर्षं चौकशी चालली की खिडकी बंद केली कोणी."

"ही खिडकी नाहीये. हे तुमचं काळीज आहे."

"म्हणूनच जास्त काळजीने वागलं पाहिजे," असं म्हणून काकांनी नवी वही काढली.

वहीत सात रकाने आखले गेले. अनुक्रमांक, दिनांक, गोळीचे नाव, रंग, वेळ, घेणाऱ्याची सही, साक्षीदाराची सही. शेऱ्यासाठी उजवीकडे थोडी जागा राहिली. रोज जेवणानंतर पांढरी, गुलाबी, विटकरी आणि वर ती कॅप्सूल, अशी चार नोंदींची रांग वहीत आणि मग पोटात जायची. काका सही करत. साक्षीदार म्हणून काकू हात पुसत येत आणि सही करत. रोज सही करताना त्या म्हणत, "एकदा फोन करून विचारू या का?" आणि रोज काका म्हणत, "फोनवर मिळालेल्या उत्तराला जावक क्रमांक नसतो."

आता तुम्ही म्हणाल, एवढा भुवया तपासणारा माणूस, त्याने पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली नाहीत का? वाचली ना. भिंग घेऊन वाचली. उत्पादन क्रमांक, तयार केल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख, सगळं वहीत उतरवलं. फक्त आत कुठली औषधं आहेत, ती ओळ सोडली. ती वैद्यकीय विभागाची बाब. दुसऱ्या विभागाच्या मजकुरात नाक खुपसायचं नाही, हे तत्त्व त्यांनी चौतीस वर्षं पाळलं होतं. चार पाकिटांवर चार वेगळी नावं होती, तेवढं त्यांना पुरेसं होतं.

आणि जिभेखालच्या गोळ्यांची बाटली? ती 'आकस्मिक' या सदराखाली लोखंडी कपाटात गेली. कपाटाला कुलूप. किल्ली टेबलाच्या खणात. खणाला कुलूप. त्याची किल्ली काकांच्या जानव्यासारखी सतत जवळ असायची असं नाही, पण ती कुठे आहे ते कुठेतरी लिहून ठेवलेलं असायचं.

इमारतीत आजार लपत नाही. दुसऱ्याच दिवशी तळमजल्यावरचे ड्रिल मास्तर वर आले. शाळेत त्यांनी तीस वर्षं मुलांना सावधान-विश्राम केलं होतं आणि स्वतःच्या हृदयात दोन स्टेंट बसवून घेतल्यापासून ते हृदयविकारावर अधिकारवाणीने बोलत. स्टेंटला ते स्प्रिंग म्हणत.

"दोन स्प्रिंगा आहेत माझ्यात," मास्तर म्हणाले. "डॉक्टरला काय विचारता, मला विचारा. चालायचं. रोज पाच हजार पावलं."

"गुडघे दुखतात."

"त्यावर माझ्याकडे उपाय आहे." मास्तरांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. "दुखण्यावरची. मी दोन वर्षं घेतोय. स्प्रिंगा शाबूत आहेत की नाहीत?"

स्प्रिंगा आत असल्यामुळे ते तपासायची सोय नव्हती. शिवाय मास्तरांनी पट्टी लेखी चिठ्ठीसकट दिली. चिठ्ठीवर 'सकाळी एक, मास्तर' असं लिहिलं होतं. लेखी आल्यामुळे काकांना नाही म्हणता येईना. वहीत पाचवी ओळ वाढली.

वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी लसूण सुचवला. त्यांच्या कुठल्याशा मामेसासऱ्यांच्या तुंबलेल्या नळ्या म्हणे कच्च्या लसणाने नळासारख्या वाहायला लागल्या होत्या. सकाळी अनशापोटी चार पाकळ्या. लसणाचा रंग 'पांढरा' असा वहीत पडला आणि काकूंनी नाकाला पदर लावून सही केली.

आठवड्याभराने काकांच्या दंडावर एक निळा डाग उठला. मग मनगटावर एक. मग पोटरीवर, चांगला तळहाताएवढा. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. काकू घाबरल्या. "हे काहीतरी वेगळं आहे, चला दाखवू," म्हणाल्या. काकांचं म्हणणं पडलं की पुढची तपासणी एकवीस तारखेला आहे आणि त्याआधी जाणं म्हणजे रांग मोडणं.

"एकवीस तारखेपर्यंत तुम्हाला काही झालं तर?"

"नियमाने वागणाऱ्याला काही होत नाही," काका म्हणाले. काकू त्या दिवशी जेवल्या नाहीत.

इकडे इमारतीने डाग पाहिले. काका अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून जिन्यात पावलं मोजत, त्यामुळे ते न बघणं शक्यच नव्हतं. आधी दंडावर, मग मनगटावर, मग रविवारी कोपरावर. इमारतीने दोन आणि दोन मिळवले आणि उत्तर साडेनऊ आणलं: काकू काकांना मारतात. त्यातही इमारतीचं एकमत असं की मारण्यासारखं कारण काकूंकडे भरपूर आहे, पण म्हणून प्रत्यक्षात मारायचं म्हणजे जरा अतिच झालं.

अठरा तारखेला भर दुपारी मास्तर आणि वहिनी शिष्टमंडळ म्हणून आले. बसले. पाणी प्यायले. पंख्याकडे बघितलं.

"काकू," वहिनींनी सुरुवात केली, "संताप होतो माणसाचा. मी समजू शकते. मी स्वतः एकदा ह्यांच्यावर पेला फेकला होता. पण लाटण्याने नको."

"काय लाटण्याने?"

"आम्ही काही बघितलं नाही असं समजू," मास्तर म्हणाले. "फक्त हृदयाचा माणूस आहे. निदान पाठीवर, डावी बाजू सोडून."

काकूंना आधी कळेना, मग कळलं आणि मग त्या एकदम हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसू लागल्या आणि जरा वेळाने लक्षात आलं की हसणं केव्हाच थांबलंय, डोळे पुसणं चालूच आहे. "अहो, मी रात्रंदिवस यांच्या जिवासाठी मरतेय," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही मला लाटण्याचं विचारताय."

काकांची मोठी पंचाईत झाली. बायकोचा मार खाणारा म्हणवून घ्यायचं, की आपल्या वहीप्रमाणे चालणाऱ्या देहात काहीतरी बिघडलंय हे कबूल करायचं? दोन्ही अब्रूचेच प्रश्न. शेवटी बायको निर्दोष आहे, एवढं तरी कागदावर आलंच पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. ते टेबलाशी बसले, कोरा कागद घेतला आणि मोठ्याने वाचत लिहू लागले. "मी खाली सही करणार, निवृत्त मुख्य कारकून, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की माझ्या अंगावरील डाग हे माझ्या पत्नीने..."

'पत्नीने'वर लाल थेंब पडला. मग दुसरा. मग नाकातून धारच लागली.

"मान मागे," मास्तरांनी हुकूम सोडला.

"मान पुढे," काकू म्हणाल्या आणि त्यांनी काकांचं नाक दोन बोटांत घट्ट धरलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, पण काकांचं नाक असं कोणी पहिल्यांदाच धरलं होतं. दहा मिनिटं गेली. सोडलं, तर पुन्हा सुरू. पुन्हा दहा मिनिटं. टॉवेल लाल झाला. वहिनींच्या तोंडून लसणाचं नाव निघेना.

"आजची तारीख अठरा," काका बंद नाकाने म्हणाले.

"चपला घाला," काकू म्हणाल्या. त्यांनी टेबलावरच्या सगळ्या पट्ट्या, मास्तरांची चिठ्ठी, लसूण आणि वही पिशवीत कोंबली. मास्तरांनी रिक्षा थांबवली आणि तेही बसले, वहिनी दुसरा टॉवेल घेऊन धावत आल्या. दवाखाना चार गल्ल्या सोडून होता. रिक्षात काकूंनी एका हाताने नाक धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने काकांचा हात. दोन्हींपैकी कुठलीच पकड सैल झाली नाही.

दवाखान्याच्या टेबलाशी बसलेली बाई म्हणाली, "नंबर घेतलाय का? आज बत्तीसच्या पुढे नाही."

"माणसाचं रक्त वाहतंय," काकू म्हणाल्या.

"ते दिसतंय, पण फॉर्म भरावा लागेल."

"बरोबर आहे त्यांचं," टॉवेलमधून आवाज आला. "द्या फॉर्म." आणि खरंच, काका फॉर्म भरू लागले. 'तक्रारीचे स्वरूप' इथे त्यांनी 'नाक' लिहिलं. काकूंनी तो फॉर्म त्यांच्या हातातून ओढून घेतला, चार तुकडे केले, टेबलावर ठेवले आणि सरळ आतलं दार उघडलं. चौतीस वर्षांत काकांनी सरकारी टेबलावर फॉर्म फाटलेला पाहिला नव्हता. ते एवढे हादरले की निमूट काकूंच्या मागोमाग आत गेले.

डॉक्टरीणबाईंनी नाकात औषध लावलेला बोळा घातला, रक्तदाब बघितला, रक्त तपासायला घेतलं. थोड्या वेळाने धार थांबली. मग त्यांनी शौचाला काळं होतं का, पोटात दुखतं का, असे चार प्रश्न विचारले. काकांनी चारही प्रश्नांना 'निरंक' असं उत्तर दिलं. बाईंना खात्री वाटली नाही, म्हणून त्यांनी काकूंना विचारलं.

"काय काय घेतात ते सगळं दाखवा."

काकूंनी पिशवी टेबलावर उलटी केली. बाईंनी लसूण बाजूला सारला आणि खालच्या औषधांच्या दुकानातल्या ताईंना वर बोलावलं. या ताई आपल्या इमारतीच्या समोरच राहायच्या. भुवईची गोष्ट त्यांनीही ऐकली होती, सहा वेळा. त्यांनी पट्ट्या ओळीने मांडल्या, एकेक उलटी केली आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

"काका, ही पांढरी. आत काय लिहिलंय वाचा. आता कॅप्सूलवरची पहिली ओळ वाचा."

काकांनी वाचलं. तेच.

"ही गुलाबी. आणि कॅप्सूलची दुसरी ओळ."

तेच.

"विटकरी आणि तिसरी ओळ." ताई थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "नावं वेगळी, काका. पण भुवईवरचा व्रण तोच आहे."

काकांनी भिंग काढलं, चारही पट्ट्यांवरून फिरवलं, परत खिशात ठेवलं. कान लाल झाले होते.

"तीन आठवडे तुम्ही प्रत्येक औषध दुप्पट घेत होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त पातळ करणारी दोन्ही दुप्पट. त्यावर ही दुखण्याची गोळी, तीही रक्तस्रावाला हातभार लावणारी. ही कोणी दिली?"

मास्तर दाराशी सावधानमध्ये उभे होते. त्यांनी घसा साफ केला. "सहज विचारतो. समजा एखाद्या तिसऱ्याच माणसाला स्प्रिंगा आहेत आणि तो ही गोळी रोज घेतो..."

"तिसऱ्या माणसाने त्याची सगळी औषधं घेऊन उद्या सकाळी माझ्याकडे यायचं," बाई म्हणाल्या. मास्तर विश्राममध्ये गेले.

"मग मी सगळंच बंद करतो," काका खचलेल्या आवाजात म्हणाले. "आजपासून एकही गोळी नको."

"ही त्याहून मोठी चूक होईल. स्वतःच्या मनाने चालू करायचं नाही आणि स्वतःच्या मनाने बंदही करायचं नाही. जुन्या तीन आणि दुखण्याची, या चार कायमच्या बंद. कॅप्सूल फक्त रिपोर्ट येईपर्यंत थांबवा. मी फोन करून सांगते कधी सुरू करायची ते. आणि ती जिभेखालची बाटली कुठे असते?"

"लोखंडी कपाटात," काका म्हणाले. "कुलपात. त्या कुलपाची किल्ली खणात, आणि खणाच्या कुलपाची..."

बाईंनी डोळे मिटले. काकूंनी शांतपणे पर्समधून छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. "बाटली पहिल्या दिवसापासून माझ्याजवळ आहे. कपाटात नुसतं खोकं आहे."

म्हणजे तीन आठवडे काका रिकाम्या खोक्याला कुलूप घालत होते आणि रोज वहीत 'साठा: एक' असं लिहीत होते.

घरी आल्यावर त्यांनी काचेचं कपाट उघडलं, शिक्का काढला, शाईची डबी काढली. वहीची तीन आठवड्यांची पानं समोर घेतली. पण शिक्का काही त्यांच्याने मारवेना. काकूंनी तो त्यांच्या हातातून घेतला. दंडकाचं कोणालाच काही आठवलं नाही. त्यांनी पांढऱ्या, गुलाबी, विटकरी अशा तीन पाकिटांवर तो दणादण उमटवला आणि चौथा मास्तरांच्या चिठ्ठीवर. 'दुहेरी नोंद. रद्द.' चिठ्ठी दुहेरी नव्हती, पण त्यावर कोणी हरकत घेतली नाही.

"तू रोज सही करायचीस," काका म्हणाले. "तुला पटत नव्हतं, तरी करायचीस."

"तुम्ही ऐकत नव्हता. मग निदान रोज समोर बसून बघावं तरी, तुम्ही ठीक आहात का. म्हणून करायची." मग त्यांनी शिक्का खाली ठेवला. "तुम्हाला काही झालं असतं तर मी त्या वहीचं काय करणार होते?"

काकांनी वहीत नवी ओळ लिहिली: 'चूक कोणाची: लेखनिकाची.' त्याखाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. असं त्यांनी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी दुपारी जेवणं झाल्यावर फोन वाजला. काकूंनी घेतला, हूं हूं केलं, ठेवला. फडताळावरचं कॅप्सूलचं पाकीट आणि पाण्याचा पेला आणून त्यांनी काकांसमोर ठेवला.

"रिपोर्ट चांगला आहे. आजपासून ही एकच, रोज जेवणानंतर. असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या."

काकांनी तोंड उघडलं. कागद नव्हता, सही नव्हती, जावक क्रमांक नव्हता. बाई फोनवर म्हणाल्या आणि बायको समोर म्हणाली, एवढाच काय तो पुरावा. काकू हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे रडून रडून अजून सुजलेले होते.

काकांनी पाकीट उलटं केलं, मागच्या तिन्ही ओळी सावकाश वाचल्या आणि कॅप्सूल पाण्याबरोबर गिळली. मग वही ओढली, सही केली, काकूंकडे सरकवली. त्यांची सही झाल्यावर शेऱ्याच्या जागी काकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'तोंडी आदेशावरून.'